नऊ गावं आणि एक मालक

अमेरिकन बास्केटबॉल पाहणाऱ्यांमध्ये एक जुना खटला अधूनमधून पुन्हा उघडतो. काँटिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे सीबीए, कुणी बुडवली? फिर्यादी पक्ष म्हणतो, आयझाया थॉमसने. डेट्रॉइटला १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवून देणारा हा खेळाडू १९९९ मध्ये अख्खी लीग १ कोटी डॉलरला विकत घेतो, पुढच्या मार्चमध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या थोरल्या बास्केटबॉल लीगने, देऊ केलेले १ कोटी १० लाख डॉलर आणि वर नफ्यातला वाटा नाकारतो, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये लीगला टाळं लागतं. पंचावन्न वर्षांची लीग दीड वर्षात संपवली, अजून पुरावा कसला हवा? बचाव पक्ष म्हणतो, कुणीच नाही मारली. धाकट्या लीग मरतातच, बाजारात त्यांना जागा नसते, थॉमसच्या हातात ती शेवटचे श्वास मोजत होती एवढंच. एका बाजूला खलनायक, दुसऱ्या बाजूला नियती. दोन्हींमध्ये एक सोय आहे: पुढे काही विचारावं लागत नाही.

मला हा वाद मुळातच चुकीच्या तारखेवर चाललेला वाटतो. थॉमस दोषी आहे, पण ज्या कलमाखाली त्याच्यावर खटला चालवतात ते कलम त्याला लागू होत नाही. त्याचा गुन्हा एनबीएला नकार देणं हा नव्हता. गुन्हा घडला तो ऑगस्ट १९९९ मध्ये, नऊ गावांच्या नऊ संघांचा सातबारा एका माणसाच्या नावावर करायचा सौदा जाहीर झाला त्या दिवशी. आणि त्या गुन्ह्यात तो एकटा नव्हता. विकणारे होते, टाळ्या वाजवणारे होते, ‘आता कारभार व्यावसायिक होईल’ असं लिहिणारे होते. आज थॉमसच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांतच बसले असते, अशी मला शंका आहे.

हे समजायला लीग कुठून आली ते बघावं लागतं. २३ एप्रिल १९४६ रोजी ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया बास्केटबॉल लीग या नावाने ती सुरू झाली. जिच्यातून पुढे एनबीए झाली ती संघटना ६ जूनला जन्मली. म्हणजे धाकटी म्हणून हिणवली गेलेली ही लीग थोरलीपेक्षा दीड महिन्याने मोठी, आणि ‘जगातली सर्वांत जुनी व्यावसायिक बास्केटबॉल लीग’ ही जाहिरात तिने आयुष्यभर मिरवली. गावं कोणती? विल्क्स-बॅरी, हेझलटन, ॲलनटाऊन, पुढे स्क्रँटन. कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यातली, थंडीत संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न असलेली गावं. सामने बहुतेक शनिवार-रविवारी, कारण बाकीचे दिवस खेळाडू नोकरीवर. कुणी शाळेत शिकवायचा, कुणी कारखान्यात. शनिवारी चार जण एका गाडीत बसून डोंगर ओलांडून सामन्याला जायचे आणि रविवारी रात्री परतायचे.

याला हौशी कारभार म्हणायचं असेल तर म्हणा, पण कोर्टवर उतरणारे लोक हौशी नव्हते. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एनबीएत संघ होते आठ. प्रत्येक संघात दहा-बारा जागा. म्हणजे साऱ्या देशात शंभराच्या आत माणसांना काम. त्यात कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे याचा एक न लिहिलेला आकडा प्रत्येक मालकाच्या डोक्यात. शिवाय १९५१ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पैसे घेऊन गुणांचा फरक ठरवून खेळल्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं आणि त्यातल्या खेळाडूंना एनबीएने कायमची दारं बंद केली. हे सगळे लोक ईस्टर्न लीगमध्ये खेळले. १९५५-५६ च्या हंगामात हेझलटनच्या संघाने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. त्यांत शर्मन व्हाइट आणि फ्लॉइड लेन हे दोघं त्याच बंदीत अडकलेले. एनबीएत पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामना सुरू केल्याचं पहिलं उदाहरण डिसेंबर १९६४ मधलं, बॉस्टन सेल्टिक्सचं. कोळशाच्या खाणींचं एक आडगाव देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित संघाच्या नऊ वर्षं पुढे होतं. हेझलटनचे लोक बॉस्टनकरांपेक्षा उदार होते म्हणून? मला तसं वाटत नाही. हेझलटनच्या मालकाला शनिवारचा सामना जिंकायचा होता आणि त्यासाठी न्यूयॉर्कमधल्या कुणाची परवानगी लागत नव्हती. गावाचा संघ गावाचा असल्याचा अर्थ इतका साधा, इतका रोकडा होता.

तीन गुणांच्या टोपलीचंही तेच. ही लीग साठच्या दशकात लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देत होती. एनबीएने तो नियम घेतला १९७९ मध्ये, आणि आज तो नियम काढला तर एनबीएचा खेळ ओळखूही येणार नाही.

सत्तरीच्या अखेरीला लीगने कात टाकली. १९७७ मध्ये अलास्कातला अँकरेजचा संघ आत आला. पेनसिल्व्हेनियाच्या लीगमध्ये अलास्का, म्हणजे आपल्याकडच्या तालुका स्पर्धेत लडाखचा संघ. पुढच्या वर्षी नाव बदलून काँटिनेंटल झालं, आणि जिम ड्रकर नावाचा तरुण वकील आयुक्त झाला. त्याने गुणतक्त्याची पद्धतच बदलली. दर सामन्याला सात गुण: विजयाला तीन, आणि सामन्याच्या चार भागांपैकी प्रत्येक भाग, म्हणजे क्वार्टर, जिंकणाऱ्याला एक. वीस गुणांनी मागे पडलेला संघही शेवटच्या क्वार्टरमध्ये जीव तोडून खेळायचा, कारण तो एक गुण तक्त्यात मोजला जायचा. मला आजही ही पद्धत बास्केटबॉलमधली सर्वांत हुशार आणि सर्वांत दुर्लक्षित कल्पना वाटते. मध्यंतरात कोर्टच्या मधोमध छताची खिडकी उघडी ठेवलेली मोटार उभी करायचे. प्रेक्षकांनी कागदाचं विमान करून त्यावर नाव लिहायचं आणि जागेवरून सोडायचं. ज्याचं विमान खिडकीतून आत पडलं त्याची मोटार. आता हसायला येतं. पण हिवाळ्यातल्या मंगळवारी मोंटानात किंवा विस्कॉन्सिनमध्ये तिकीट विकायचं कसं, हा प्रश्न ज्याला खरोखर पडलाय त्यालाच असली कल्पना सुचते.

आणि या लीगमधून निघालेली माणसं बघा. फिल जॅक्सन, ज्याच्या नावावर पुढे प्रशिक्षक म्हणून एनबीएची अकरा अजिंक्यपदं लागली, तो ऑल्बनी पॅट्रून्सचा प्रशिक्षक होता. १९८४ मध्ये त्याने तिथे अजिंक्यपद मिळवलं, आणि तिथेच संघातल्या सगळ्यांना सारखा पगार देण्याचा प्रयोगही केला. प्रशिक्षक जॉर्ज कार्लने त्याच ऑल्बनीत १९९०-९१ मध्ये ५० सामने जिंकले आणि फक्त सहा हरले, घरच्या मैदानावर अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस. तरी अजिंक्यपद दुसऱ्याच संघाने नेलं. आणखी एक प्रशिक्षक, फ्लिप सॉन्डर्स, रॅपिड सिटी, ला क्रॉस, सू फॉल्स करत करत एनबीएच्या मिनेसोटाला पोचला. १९९४ च्या एनबीए अंतिम फेरीत न्यूयॉर्ककडून जॉन स्टार्क्स आणि अँथनी मेसन होते. एक सीडर रॅपिड्समधून आलेला, दुसरा टल्सातून. समोर ह्यूस्टनच्या बाजूला मारियो एली, तोही ऑल्बनीचा. जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉल सामना आणि दोन्ही बाकांवर सीबीएची माणसं.

मग यातून सीबीएला मिळालं काय? इथे खरी गोम आहे. एनबीएच्या संघाला गरज लागली की तो सीबीएतून खेळाडू उचलायचा, दहा दिवसांच्या करारावर. त्याबद्दल आणि पंच तयार करून देण्याबद्दल एनबीए ठरलेली रक्कम द्यायची. सीबीएकडे विकण्यासारखा माल एकच, आणि गिऱ्हाईकही एकच. ज्याचं गिऱ्हाईक एकच असतं त्याचा भाव तो स्वतः ठरवत नाही, हे कांदा पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. एनबीएचा हात आखडला तर काय, ही टांगती तलवार थॉमसच्या कितीतरी आधीपासून होती. पण एक गोष्ट या लीगला तारत होती. तो पैसा वरचा होता. पोटापाण्याची सोय गावातल्या तिकिटांवर, गावातल्या मोटारविक्रेत्याच्या जाहिरातीवर, गावातल्या चार पैसेवाल्यांच्या हट्टावर चालायची.

१९९९ मध्ये थॉमसने नेमकी हीच वीण उसवली. कनेटिकट, फोर्ट वेन, ग्रँड रॅपिड्स, आयडाहो, ला क्रॉस, क्वाड सिटी, रॉकफर्ड, सू फॉल्स, याकिमा: नऊच्या नऊ संघ त्याच्या कंपनीचे झाले. ५० लाख डॉलर सुरुवातीला, उरलेले हप्त्यांनी. कल्पना कागदावर चोख होती. एकत्र जाहिरात, एकत्र खरेदी, एकाच ठिकाणी निर्णय. पहिला निर्णय काय झाला? खेळाडूंचा पगार आठवड्याला सरासरी १,५०० डॉलरवरून १,१०० वर. इथे जरा थांबायला हवं. पूर्वीही पगारावर मर्यादा होत्याच, पण मालक नऊ होते. आता रॉकफर्डने नकार दिला तर खेळाडूने जायचं कुठे? याकिमाचा मालकही तोच आणि ला क्रॉसचाही तोच.

पुढचं पटकन सांगतो, कारण फिर्यादी पक्ष याच भागावर रेंगाळतो. मार्च २००० मध्ये एनबीएचा प्रस्ताव आला आणि थॉमसने तो धुडकावला. एनबीएने स्वतःची धाकटी लीग काढायचं ठरवलं. उन्हाळ्यात एनबीएच्या इंडियाना पेसर्स संघाने त्याला प्रशिक्षकपद दिलं, आणि एनबीएच्या नियमांप्रमाणे तो एकाच वेळी पेसर्सचा प्रशिक्षक आणि दुसऱ्या लीगचा मालक राहू शकत नव्हता. खेळाडूंच्या संघटनेला लीग विकायचं पत्र झालं, सौदा झाला नाही. ऑक्टोबरमध्ये लीग विश्वस्तांच्या हवाली करून तो पेसर्सकडे गेला. गिऱ्हाईक नाही, पैसा नाही, खाली खेळणाऱ्या गावांना काही विचारायची सोय नाही. ८ फेब्रुवारी २००१ ला खेळ थांबला.

समजा, थॉमसने ते १ कोटी १० लाख घेतले असते. मग? लीग वाचली असती, असं सगळे गृहीत धरतात. कशावरून? एनबीएने नोव्हेंबर २००१ मध्ये जी लीग सुरू केली तिची आठ गावं कोणती होती ते बघा: रोअनोक, फेयेटव्हिल, ॲशव्हिल, ग्रीनव्हिल, कोलंबस, नॉर्थ चार्ल्स्टन, हंट्सव्हिल, मोबील. आठही अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातली. सीबीएच्या नऊ गावांपैकी एकही नाही. ज्याला कोरा कागद मिळाल्यावर याकिमा, रॉकफर्ड, ला क्रॉस आठवत नाहीत, तो विकत घेतल्यावर ती जपेल, हे मानायला मी तयार नाही. तो नकार थॉमसच्या खिशाला महाग पडला. गावांचं भवितव्य त्याआधीच त्यांच्या हातातून गेलेलं होतं. मार्चमध्ये प्रश्न एवढाच उरला होता की मालक हा असेल की तो.

आता बचाव पक्षाचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला: गावच्या मालकांनी संघ राजीखुशीने विकले. कुणी डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला सतरापर्यंत गेलेली संघांची संख्या १९९९ पर्यंत नऊवर आली होती. दर वर्षी कुठलातरी संघ मोडायचा, कुठलातरी गाव बदलायचा. टल्सा गेलं, सीडर रॅपिड्स गेलं, रॅपिड सिटी गेलं. पोट भरत नाही म्हणून शेत विकणाऱ्याला शेतीचं महत्त्व काय सांगणार? खरं आहे. मला त्या मालकांना दोष देताना संकोच वाटतो. हंगामामागून हंगाम पदरमोड करणाऱ्याला ‘थोडं अजून सोसा’ म्हणणं सोपं असतं, विशेषतः पंचवीस वर्षांनी आणि दुसऱ्या खंडात बसून.

पण संघ मोडणं आणि लीग मोडणं यांत फरक आहे. आठवडे बाजाराची साखळी असते तसं हे होतं. सोमवारच्या गावचा बाजार मोडला तरी मंगळवारचा भरतो, आणि सोमवारची जागा कुठलंतरी तिसरं गाव घेतं. १९४६ पासून पंचावन्न वर्षं ही लीग अशीच जगली. तिचा कुठलाही एक संघ भरवशाचा नव्हता आणि सगळे मिळून भरवशाचे होते. एका मालकाकडे नऊ संघ गेले की ही गंमत संपते. आता एकाचं दिवाळं म्हणजे नवांचं दिवाळं. फोर्ट वेनमध्ये तिकिटं खपत होती की नाही, याचा फोर्ट वेनच्या भवितव्याशी संबंधच उरला नाही. हंगामाच्या मध्यावर सगळे संघ एकाच दिवशी बंद पडणं हे पंचावन्न वर्षांत कधी घडलं नव्हतं, आणि घडण्याची रचनाच नव्हती.

शिवाय फेब्रुवारी २००१ नंतर काय झालं हे दोन्ही पक्ष सांगत नाहीत, कारण ते दोघांच्याही गोष्टीत बसत नाही. लीग मेलीच नाही. सू फॉल्स, ग्रँड रॅपिड्स, रॉकफर्ड वगैरे गावांतल्या लोकांनी आपले संघ परत उभे केले, त्याच हंगामाचा उरलेला भाग दुसऱ्या लीगमध्ये खेळले, आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात सीबीए त्याच नावाने पुन्हा सुरू झाली. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचा संघ आत आला. याकिमाचा संघ पुढे परतला, आणि २००५ मध्ये तो याकामा या मूलनिवासी राष्ट्राने विकत घेतला. २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं त्याने जिंकली. नियतीने मारलेली लीग इतकी वळवळ करत नाही. फोर्ट वेन, ला क्रॉस आणि क्वाड सिटी मात्र कायमचे गेले.

दुसरा मुद्दा: थॉमस नसता तरी एनबीएने स्वतःची लीग काढलीच असती, आणि सीबीए त्यापुढे टिकली नसती. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसरा अर्धा कुणी तपासून पाहत नाही. एनबीएची ती आठ गावं टिकली किती? ग्रीनव्हिलने पहिल्याच वर्षी अजिंक्यपद घेतलं आणि २००३ मध्ये संघ बंद झाला. मोबीलने दुसऱ्या वर्षी अजिंक्यपद घेतलं आणि तोही त्याच वर्षी बंद झाला. बाकीचे एकेक करून बंद पडले किंवा टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, फ्लोरिडाकडे हलवले गेले. २००६ पर्यंत आठही गावं रिकामी. इतका पैसा, इतकं नाव, आणि पाच वर्षांत एकही गाव हाताशी नाही. मग एनबीए कुणाच्या दारात गेली? सीबीएच्या. २००६ मध्ये सू फॉल्स, बिस्मार्क आणि आयडाहोतलं बॉइझी हे तीन संघ सीबीएतून उचलले गेले. बिस्मार्कच्या संघाने पहिल्याच वर्षी एनबीएच्या लीगचं अजिंक्यपद जिंकलं, पुढच्या वर्षी बॉइझीने. बाजारात जागा नव्हती असं म्हणणाऱ्यांनी जरा हे क्रमाने वाचावं.

सीबीएला खरा मार बसला तो तेव्हा. तीन तगडे संघ गेल्यावर उरलेल्यांच्याने ती ओढवली नाही, आणि वर २००८ ची मंदी. फेब्रुवारी २००९ मध्ये हंगाम अर्ध्यावर गुंडाळून घाईघाईने अंतिम फेरी उरकली गेली. पुढचा हंगाम झाला नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: खेळाडूंचं काय? एनबीएच्या त्या धाकट्या लीगचं आजचं नाव ‘जी लीग’ (G League). तिच्यात ३१ संघ आहेत, एनबीएच्या तीसही संघांचा स्वतःचा एकेक. खेळाडूला आरोग्यविमा आहे, फिजिओ आहे, आणि २०१७ पासून दोन्हीकडे खेळता येईल असा करार मिळतो. सीबीएत बसमध्ये पाय दुमडून रात्र काढणाऱ्याला यातलं काही नव्हतं. गावाच्या अभिमानासाठी खेळाडूने गुडघे झिजवावेत का? नाही, बिलकुल नाही. या मुद्द्यावर मी बिनशर्त हार मानतो. फक्त हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे एवढं लक्षात ठेवायला हवं. खेळाडूची अवस्था सुधारली ती एनबीएकडे पैसा आहे म्हणून, आणि तो पैसा ती मालकी न घेताही देऊ शकली असती. वर्षानुवर्षं ती सीबीएकडून तयार खेळाडू आणि तयार पंच घेतच होती.

थोरल्याने धाकट्याचा माल उचलायचा आणि वर ‘हे सगळ्यांच्या भल्याचं’ म्हणायचं, ही रीत अमेरिकन खेळांत जुनी आहे. १९४५ मध्ये बेसबॉलच्या थोरल्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं तेव्हा त्याच्या कृष्णवर्णीय लीगमधल्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, एक डॉलरही दिला नाही. नूअर्कच्या संघाची मालकीण एफा मॅनली हिने भांडून आपल्या लॅरी डोबी या खेळाडूचे पैसे वसूल केले, पण असं भांडणारे थोडे. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली हे शतकातलं मोठं काम, त्याबद्दल वाद नाही. त्याच वेळी कृष्णवर्णीय मालकांनी, कृष्णवर्णीय वस्त्यांत उभी केलेली लीग काही वर्षांत कंगाल झाली, हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता येतात. पहिलं म्हणून दुसरं गिळायची गरज नाही. आणि अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२० नंतर बेसबॉलच्या थोरल्या लीगने सगळ्या धाकट्या लीग आपल्या ताब्यात घेतल्या. संलग्न संघ उरले १२०, आणि चाळीसहून अधिक गावं एका निर्णयात बाहेर. कारणं तीच: सोयी, प्रवास, खेळाडूंचं हित. कारणं खोटी नव्हती. गावांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

गंमत अशी की एनबीए स्वतः अशाच गावांतून आली आहे. ॲटलांटाचा आजचा संघ एके काळी इलिनॉयमधल्या मोलीनला खेळायचा. डेट्रॉइट पिस्टन्स, ज्यांच्या बळावर थॉमस थॉमस झाला, ते १९५७ पर्यंत फोर्ट वेनचे होते. ती दोन्ही गावं एकदा थोरल्या लीगने मोठ्या शहरांसाठी सोडली. पुढे सीबीएने मोलीनला क्वाड सिटी थंडर दिला आणि फोर्ट वेनला फ्युरी. २००१ मध्ये तेही गेले. फोर्ट वेनला २००७ मध्ये एनबीएच्या धाकट्या लीगचा संघ मिळाला, २०१५ मध्ये पेसर्सने तो विकत घेतला, आणि २०२३ मध्ये इंडियानापोलिसला हलवला. एकाच गावाकडून तीनदा संघ गेला, आणि नंतरच्या दोन्ही वेळा निर्णय गावाबाहेर झाला.

सॅक्रॅमेंटो किंग्ज हा संघ आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे तो मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंमुळे. हाही मूळचा न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. २०१३ मध्ये तो सिॲटलला जायच्या बेतात होता. सॅक्रॅमेंटोचे लोक रस्त्यावर उतरले, महापौर लढले, आणि रणदिवेंच्या गटाने संघ घेऊन तो तिथेच ठेवला. एखाद्या शहराला त्याचा संघ किती हवा असतो हे त्यांच्याइतकं कुणी जवळून पाहिलं नसेल. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिम भुल्लर किंग्जकडून खेळला, एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून. आपल्याला बातमी सॅक्रॅमेंटोची आठवते. तो आला होता रिनोहून, दहा दिवसांच्या करारावर. किंग्जच्या हाताखालच्या रिनो बिगहॉर्न्सचा खेळाडू. पुढच्या वर्षी किंग्जने बिगहॉर्न्स विकत घेतला आणि २०१८ मध्ये स्टॉकटनला नेला, कारण ते सॅक्रॅमेंटोपासून तासाभरावर आहे आणि खेळाडू ने-आण करायला सोयीचं. व्यवस्थापन म्हणून निर्णय बिनचूक आहे. म्हणूनच तो मला जास्त खुपतो. यात कुणी दुष्ट नाही. संघ विकत घेतल्यावर त्याचं गाव ही एक रसदीची बाब होते, आणि रसदीचं गणित नेहमी जवळच्या गोदामाच्या बाजूने सुटतं.

सीबीएतून गेलेल्या त्या तीन संघांचं काय झालं? बिस्मार्कचा एनबीएच्या गोल्डन स्टेटने २०११ मध्ये घेतला आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात सांता क्रूझला नेला. बॉइझीचा युटाने २०१५ मध्ये घेतला आणि सॉल्ट लेक सिटीला नेला. सू फॉल्स तेवढं उरलं. जिथल्या लोकांनी २००१ मध्ये संघ परत उभा केला होता ते सू फॉल्स. मायामीसारख्या लांबच्या संघाला जोडलेलं असूनही तिथला प्रेक्षक हलत नाही. हे उदाहरण माझ्या विरुद्ध वापरता येईल, कारण थोरल्या लीगच्या छत्राखालीही गाव टिकू शकतं असं त्यातून दिसतं. वापरावं. तीनात एक, हा हिशेबही सोबत ठेवावा.

मला हा परका खटला इतका का लागतो, असं कुणी विचारलं तर उत्तर जवळचंच आहे. २०२५ चा प्रो कबड्डीचा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. यू मुंबा मुंबईत एक सामना खेळली नाही, पुणेरी पलटण पुण्यात नाही. खर्चाचं गणित समजतं, आणि दूरचित्रवाणीवर मैदान कुठलंही असलं तरी मॅट तीच दिसते. पण आपल्याकडे या लीगबद्दल चर्चा होते ती लिलावात कोण किती कोटींना गेला याची. नाव पुण्याचं असलेल्या संघात पुण्याचा हिस्सा काय, हे विचारलं की समोरचा माणूस प्रश्न समजला नसल्यासारखं बघतो. हेझलटनच्या लोकांना तो समजला असता.

थॉमसने घेतलेल्या त्या नऊ संघांत ऑल्बनी नव्हतं. जॅक्सन आणि कार्लच्या त्या गावाचा संघ नव्वदीतच गावातून हलला होता, म्हणून गाव यादीतून सुटलं. पॅट्रून्स हे नाव गावातच पडून राहिलं. २००५ मध्ये लोकांनी ते पुन्हा सीबीएत आणलं, २००९ च्या त्या उरकलेल्या अंतिम फेरीत हरणारा संघ तोच. २०१८ मध्ये ते तिसऱ्यांदा बाहेर काढलं, एका आणखी लहान, आणखी बेभरवशाच्या लीगमध्ये. सामने वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या त्याच जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत पुन्हा होऊ लागले, जिथे जॅक्सनने सगळ्यांना सारखा पगार दिला होता.